तीसपैकी सात

माझ्या संग्रहातलं सगळ्यात दुर्मिळ पुस्तक माझ्या वडिलांनी लाल पेनाने तपासलं. पुस्तक पास झालं. मी अजून त्यातून सावरलेलो नाही.

आधी माझ्या खुळाबद्दल सांगतो. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तर दुसऱ्यांच्या तक्रारी जमवतात. मी चित्रकारांनी स्वतः घडवलेली पुस्तकं जमवतो. चित्रकार एका गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने उलटं चित्र काढतो, त्यावर शाई फिरवतो, कागद ठेवून प्रेसमध्ये दाबतो आणि मोजक्या प्रती निघाल्या की दगड घासून टाकतो. खलास! पुन्हा छापायचं म्हटलं तरी छापता येत नाही. याला लिथोग्राफ म्हणतात. (माझी बायको सुजाता याला 'दगडावर पगार' म्हणते. पुस्तकांच्या किमती मी इथे लिहीत नाही, कारण ती हे वाचणार आहे.)

तर अशा पुस्तकांतलं 'परसातले शेजारी' हे पुस्तक मला बदलापूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून मिळालं. मिळालं म्हणजे काय, त्यांच्या घरी इतके रविवार जाऊन बसलो की शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "देऊन टाका हो त्यांना, निदान आपल्याला दुपारी झोपता येईल." कापडी पेटी, आत जाड कागदाची सुटी पानं. कोंबडा, म्हैस, फणसाचं झाड, धुणं वाळत घालणारी बाई, असा सगळा परसदारचा रंगीत परिवार. प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने चित्रकर्तीची सही आणि शेजारी ७/३०. म्हणजे एकूण तीस प्रती छापल्या, त्यातली ही सातवी. ही पेन्सिलीची रेघोटी म्हणजे त्या पुस्तकाचं कुंडलीपासून पासपोर्टपर्यंत सगळं!

चित्रकर्ती शशीताई. वांगणीला शेताच्या कडेला घर, घरात दगडी छपाईचा प्रेस, वय पंचाहत्तरीच्या पुढे. मी कुठून तरी नंबर मिळवला आणि फोनवर भरपूर फुशारकी मारली. मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एकही प्रत राहिली नाही हो. माझी होती ती वाळवीने खाल्ली. मी येऊ का बघायला? फोटो काढून नेईन म्हणते."

"अहो, या ना! रविवारीच या!" मी म्हणालो. माझ्या घरी खुद्द चित्रकर्ती येणार! मी इतका हवेत होतो की सोसायटीत भेटेल त्याला सांगत सुटलो. सेक्रेटरींनी विचारलं, "गाडी कुठं लावणार त्या?"

आता नाना. नाना म्हणजे माझे वडील. नगरपालिकेच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केली, आता अंबरनाथ पूर्वेला आमच्यासोबत राहतात आणि बुद्धविहारातलं वाचनालय सांभाळतात. लोक जुनी पुस्तकं आणून देतात. नाना त्यातली गिचमीड खोडतात, फाटलेलं चिकटवतात, सुटलेलं शिवतात. आमच्या लहानपणी पुस्तकाला चुकून पाय लागला की नाना आधी पुस्तक उचलून बघायचे, त्याला लागलं का! मग आमच्याकडे वळायचे. (मग आम्हाला लागायचं.) हात रिकामा राहिला तर ते लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखनसुद्धा तपासतात.

शनिवारी दुपारी मोरिवलीहून, म्हणजे आमच्या कंपनीतून, घरी आलो तर हॉलमध्ये नाना मांडी घालून बसलेले. पुढ्यात माझी कापडी पेटी. उघडी! बाजूला खोडरबर, खोडरबराचा चुरा, लाल पेन. आणि हातात दाभण!

"नाना, थांबा!"

"ओरडू नकोस. कसलं पुस्तक आणलंस रे? बाइंडिंग पार गेलंय. एक पान दुसऱ्याला धरून नाही."

"अहो, ते तसंच असतं!"

"तसं असेल तर त्याला पुस्तक म्हणत नाहीत, गठ्ठा म्हणतात. दोन टाके घातले की मस्त होईल."

मी दाभण हिसकावून घेतला आणि वरचं पान बघितलं. कोंबडा. कोंबड्याखाली सही नाही. नंबर नाही. नुसता स्वच्छ पांढरा कागद, आणि त्यावर लाल गोलात ठसठशीत २२/३०. खाली शेरा: 'प्रयत्न चांगला.'

"नाना," माझा आवाज माझा मलाच ओळखू येईना, "इथं पेन्सिलीने काहीतरी होतं..."

"खोडलं मी ते!" नाना एकदम उसळले. "अरे, कोण नालायक मास्तर होता तो? तीसपैकी सात! कोंबड्याला सात, म्हशीला सात, फणसाला सात, सगळ्यांना सात! म्हणजे पठ्ठ्याने पेपर उघडून बघितलेच नाहीत. सरसकट सात ठोकले, घाईघाईत खाली सही केली आणि गेला घरी! पोरानं इतका जीव ओतून काढायचं आणि ह्यानं असं करायचं? माझा डोळा लागला नसता रात्री. मी सगळे पेपर नीट बघून नव्याने मार्क दिले."

मी पानं उलटली. म्हैस, तीसपैकी अठ्ठावीस, 'शाब्बास'. फणस, तीसपैकी पंचवीस, 'फणस छान, पाने घाईत'. धुणं वाळत घालणारी बाई, तीसपैकी तीस. शेरा नाही. नुसती लाल चांदणी.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुजाताने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "एक शब्द बोलू नकोस त्यांना. कळलं तर आठवडाभर जेवायचे नाहीत."

"अगं, उद्या शशीताई येणार! त्यांची सही खोडलीय यांनी! त्यांच्या चित्रांना मार्क दिलेत!"

"मग तू काहीतरी कर. केमिस्ट आहेस ना?"

हे तिने म्हणायला नको होतं. मी खरंच केमिस्ट आहे. लॅबमधून आणलेली एक बाटली घरात होती. म्हशीच्या पानावर, लाल गोलाच्या कडेला, कापसाने अगदी अलगद एक थेंब लावला. लाल शाई जागची हलली. हलली म्हणजे निघाली नाही, फिरायला निघाली! अठ्ठावीस तसेच राहिले आणि म्हशीच्या मागच्या पायांभोवती सुरेख गुलाबी ढग पसरला. म्हैस आता संध्याकाळच्या आभाळात उभी होती.

मी बाटलीचं बूच लावलं आणि स्कूटर काढून उल्हासनगर गाठलं.

तिथे लालूअंकल आहेत. त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि 'नाही' हा शब्द त्यांच्या दुकानात ठेवलेला नाही. पेटी उघडून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पानं बघितली, मार्क बघितले, मान हलवली.

"साईं, टेन्शन क्यूं लेते हो? कलर झेरॉक्स मारून देतो, जाड पेपरवर. ओरिजिनलपेक्षा ओरिजिनल!"

"अंकल, पण हे लाल मार्क?"

"कंप्युटरमध्ये उडवतो ना! लाल रंग सिलेक्ट, डिलीट. फिनिश! कल सुबह आ जाओ."

"आणि जिने चित्रं काढली तीच बघणार आहे हो."

"तो क्या हुआ? खुश होईल, बोलेल, इतनी नयी जैसी रखी है!"

माणूस घाबरला की त्याला कुठलाही सल्ला पटतो. खुद्द चित्रकर्तीला तिच्याच चित्रांची झेरॉक्स दाखवून फसवायचं, हा बेत मला त्या क्षणी अतिशय व्यवहारी वाटला होता!

रविवारी सकाळी दुकान उघडताच झेरॉक्सचा गठ्ठा आणि पेटी घेऊन घरी आलो. खरी पानं माझ्या कपाटात ठेवली, झेरॉक्स पेटीत रचली, आणि मग पहिल्यांदा नीट बघितली. लालूअंकलनी शब्द पाळला होता. लाल रंग डिलीट केला होता. सगळाच! बाईच्या कपाळावरचं कुंकू नाही. दोरीवरच्या लाल लुगड्याच्या जागी नुसतं भोक. कोंबड्याचा तुरा गेलेला, गळ्याखालची झोळी गेलेली. मी तिथूनच फोन लावला.

"अंकल! कोंबड्याची कोंबडी झालीय!"

"तो अच्छा है ना साईं, अंडा देगी!"

तेवढ्यात बेल वाजली.

शशीताई ठेंगण्या, सुती साडीतल्या, खांद्याला शबनम. आल्याआल्या त्यांनी पाणीही न घेता विचारलं, "कुठंय?" चप्पल काढतानाच त्यांची नजर हॉलभर पेटी शोधत होती. ते बघून मला पहिल्यांदा जाणवलं की आपण काय करतोय. पण पेटी पुढे केली होती.

त्यांनी झाकण उघडलं. वरचं पान हातात घेतलं. कागदावरून अंगठा फिरवला. चष्मा वर केला, खाली केला.

"मिलिंदराव," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी कोंबडा काढला होता."

घशात काहीतरी अडकलं, बहुतेक तुराच. आणि नेमके त्याच वेळी नाना आतून आले. हातात खरी पानं!

"अरे, तू पाहुण्यांना हे काय दाखवतोयस? खरं पुस्तक कपाटात तसंच ठेवलंयस. हे घ्या ताई. मी सगळं नीट तपासलंय."

सुजाताने डोळे मिटून घेतले. शशीताईंनी पान घेतलं. २२/३०. प्रयत्न चांगला. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं.

"आणि माझी सही?" त्यांनी विचारलं.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "नाना, ते मार्क नव्हते," मी म्हणालो. "तो प्रतीचा नंबर होता. तीसपैकी सातवी प्रत. आणि खाली सही होती ती मास्तरांची नव्हे, यांची."

नाना हळूच खुर्चीवर टेकले. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे मी तुमचं नाव खोडलं," ते म्हणाले. "ताई, इतकी वर्षं नोकरी केली. पोरांना रागावलो असेन, मारलंही असेल. पण कुणाच्या पेपरवरचं नाव मी कधी खोडलं नाही हो."

मला वाटलं, आता या उठून जाणार. शशीताईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि कोंबडा नानांसमोर धरला.

"बावीसच का?"

"अं?"

"म्हशीला अठ्ठावीस दिलेत. कोंबड्याचे आठ कुठं गेले?"

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्यातला मास्तर सावरून बसला. "पाय एकच आहे, ताई."

"दुसरा मागे आहे. झाकला गेलाय."

"मागे आहे हे तुम्हाला माहीत. तपासणाऱ्याला दिसायला नको? मी काय कोंबडा उचलून बघू?"

"अहो, उभाच तसा होता तो!"

"मग त्याला जरा सरकवायचं!"

शशीताई हसायला लागल्या. अशा हसल्या की शबनम खांद्यावरून घसरली. मग प्रत्येक पानावर वाद झाला. फणसाच्या पानांवर चहा गार झाला. एका मार्कासाठी दोघं एवढे भांडले की सेक्रेटरी दार वाजवून विचारून गेले, सगळं ठीक आहे ना. धुणं वाळत घालणाऱ्या बाईचं पान आलं तेव्हा मात्र त्या थांबल्या. "इथं शेरा नाही लिहिलात?"

"काय लिहिणार?" नाना म्हणाले. "अशीच दोरीपाशी उभी असायची आमची मंडळी. मी बराच वेळ बघत बसलो होतो."

शशीताईंनी पान परत ठेवलं नाही, मांडीवरच धरून ठेवलं. त्या म्हणाल्या, "प्रदर्शनात लोक विचारतात, सोफ्याच्या वर बसेल का? इतकं बघितलं नव्हतं हो कुणी." मग पिशवीतून पेन्सिल काढली आणि नानांच्या लाल गोलांशेजारी, एकेका पानावर, पुन्हा सही केली. नंबरही घातला. नानांनी पान धरलं, त्यांनी लिहिलं. फोटोही त्यांनी लाल मार्कांसकट काढले.

फक्त म्हशीच्या पानावर त्या अडखळल्या. "हे गुलाबी काय सांडलंय पायाशी? हे तुमचं नाही ना, नाना?"

"छे! मी पानाला पाणीसुद्धा लागू देत नाही," नाना म्हणाले, आणि दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. थोडक्यात, त्या अख्ख्या पुस्तकाची जी एकमेव खरी नासाडी झाली होती, ती संग्राहकाने स्वतः केली होती. केमिस्ट म्हणून!

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. शशीताईंनी नवीन पुस्तक करायला घेतलंय. दगडावर चित्र काढलं की पहिला कागद आमच्या पत्त्यावर येतो, नानांच्या नावाने, तपासायला. परवा त्यांचा फोन आला तेव्हा मी मोठ्या आशेने उचलला. म्हटलं, "ताई, नवीन पुस्तकाची एखादी प्रत माझ्यासाठी..."

"हो हो, बघू या," त्या म्हणाल्या. "पण आधी मला सांगा, घरात कुणी मोठं माणूस आहे का?"

मी फोन नानांना दिला आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेलो.