दाजींचा अंगठा

आमचे दाजी घड्याळजी. ताईचं त्यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, निदान तिच्या घरात तरी सगळं वेळेवर होईल. कसचं काय! दाजी सहा दिवस डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं जुळवायचे आणि सातव्या दिवशी दहा वाजेपर्यंत घोरत पडायचे. रविवारी ताईकडे जेवणं हा माझा हक्क होता. जेवण झालं की दाजी, मी आणि भाची तिघं ओळीने जमिनीवर आडवे व्हायचो, ते थेट चहालाच उठायचो.

मग भाची पोहायला लागली. नुसती पोहत होती तोवर ठीक होतं. क्लबात नाव घातलं आणि रविवारचं वाटोळं झालं. दर रविवारी कुठे ना कुठे स्पर्धा, सकाळी सातला सगळं घर तलावावर हजर. आता ताईच्या हातचं खायचं तर मला तलावाच्या पायऱ्यांवर, क्लोरिनच्या वासात, मांडीवर डबा घेऊन बसावं लागतं.

सुरुवातीला दाजी पेपर वाचत बसायचे. एकदा मात्र त्यांनी क्लबाच्या सरांना ऐकवलंच, "तुमचं स्टॉपवॉच अडकतंय. बटण घासलंय." सर बेरकी. नवीन स्टॉपवॉच आणलं आणि दाजींच्याच गळ्यात घातलं. तेव्हापासून दाजींचा भाव वधारला. एखाद्या पालकाने वेळ सांगताना 'अंदाजे' म्हटलं की यांच्या कपाळाला आठ्या. "अंदाजे म्हणजे? भाजीत मीठ घालताय का?"

परवाच्या रविवारी भाचीला मोठ्या संघात जायची या वर्षातली शेवटची संधी होती. पन्नास मीटर, चाळीस सेकंदांच्या आत. पोराची वेळ आईबापांनी घ्यायची नाही, असा नियम. पण तिच्या लेनची वेळ घेणारे गृहस्थ आलेच नाहीत, आणि दाजींसारख्या काटेकोर माणसावर शंका कोण घेणार?

शिट्टी झाली. दाजींनी बटण दाबलं, अगदी नेमकं. भाची अशी काही सुटली की मी हातातला डबा बाजूला ठेवला, यातच सगळं आलं. ताई ओरडत होती, मी ओरडत होतो. भाचीने भिंतीला हात लावला, डोकं वर काढलं आणि विचारलं, "किती, बाबा?"

दाजी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत उभे. अंगठा बटणावर तसाच. घड्याळ आपलं चालूच.

सर हळूच कानाशी आले. "एकोणचाळीस लिहा. तेवढ्यातच आली असेल ती. तुम्हाला कोण विचारतंय?"

ताईने डोळ्यांनीच 'लिहा' म्हणून सांगितलं. मीही मान हलवली, खोटं कशाला बोलू.

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाही हो," ते म्हणाले, "दाबायचंच राहिलं. मोजलं नाही ते कसं लिहू?"

पंचांनी भाचीला अर्ध्या तासाने एकटीला पुन्हा पोहायला लावलं. या खेपेला वेळ सरांनी घेतली. चाळीस पूर्णांक तीन. संधी गेली. मला दाजींचा भयंकर राग आला आणि त्यांच्याकडे बघवेनाही.

भाची टॉवेलात गुरफटून पायरीवर बसली होती, नाक लाल. दाजी शेजारी जाऊन टेकले.

"पहिल्यांदा तू जास्त जोरात आली होतीस. मी पाहिलं ना."

"मग लिहायचं होतं!"

"पाहिलं, पण मोजलं नाही गं."

तिने टॉवेलातूनच विचारलं, "चांगली पोहले का मी?"

दाजींनी मान डोलावली, दोनदा, तीनदा.

"पुढच्या वेळी एक तर मोजा, नाही तर बघा," ती म्हणाली. "तुम्हाला दोन्ही जमत नाही, बाबा."

दाजींनी गळ्यातली दोरी काढली आणि स्टॉपवॉच सरांना देऊन आले.