सात हातांची खोली

"तुझी मोजायची टेप एकदा तपासून घे," सबनीस सर माधुरीला म्हणाले. मी सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. टेप बरोबर आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

ऐंशी सालानंतरची, वर्ध्यातली ही गोष्ट. तिथल्या एका संस्थेकडे खेड्यातल्या जुन्या घरांच्या अभ्यासासाठी दोन वर्षांची फेलोशिप होती. एकच. आमच्या काळी आर्किटेक्ट झालेल्या मुलापुढे दोनच रस्ते असत, पीडब्ल्यूडी नाहीतर बिल्डर. मातीची घरं मोजायला कोणी पैसे देतं, यावर घरच्यांचा विश्वास बसत नसे. माधुरीला ती फेलोशिप हवी होती. नाही मिळाली, तर पुलगावला काकांच्या सिमेंट एजन्सीच्या टेबलावर बसायचं, असं तिच्या घरी ठरून गेलं होतं. सबनीस सर निवड समितीचे अध्यक्ष. मी सभासद.

निवडीसाठी प्रत्येकानं एका घराचं मेजर्ड ड्रॉइंग आणून दाखवायचं होतं. म्हणजे उभ्या असलेल्या घराचा इंच न् इंच मोजायचा आणि मग त्याचा नकाशा काढायचा. नवीन घराचा नकाशा आधी आणि घर नंतर, इथे उलट. माधुरीनं आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचं एक घर मोजलं होतं. माजघराची रुंदी तिनं लिहिली होती दोन मीटर चौऱ्याण्णव. त्याच घराचा नकाशा माझ्या छापलेल्या पेपरात होता. त्यात तीच रुंदी होती तीन मीटर वीस.

"सर, मी तीनदा मोजलं," माधुरी म्हणाली.

"मग तीनदा चुकलीस. यांचा पेपर वाचलायस ना? सात हात. अठरा इंचांचा एक हात. तीन मीटर वीस."

"वाचलाय. पण मला वाटतं हात अठरा इंचांचा नाहीच. प्रत्येक घराचा हात वेगळा आहे."

सर माझ्याकडे वळले. "काय हो, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "पुन्हा एकदा मोजून यावं."

हे वाक्य मला आजही आठवतं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच जास्त आठवतं.

माधुरी हट्टी. "मग तुम्ही दोघंही चला ना सर. तुमच्यासमोर मोजते." सर हसले. त्यांना खेड्यात जायला आवडायचं. "चला, रविवारी."

आता सात-आठ वर्षं मागचं सांगतो. आणीबाणी उठली, त्याच्या आसपास हीच फेलोशिप मला मिळाली होती. मी बारा घरं मोजली. गावातल्या मिस्त्रींना, म्हणजे गवंड्यांना, विचारलं की खोली किती? ते म्हणायचे सात हात, नऊ हात. एक हात म्हणजे दीड फूट, हे आपण चौथीत पाठ केलेलं असतं. मी गुणाकार केला. नऊ घरं जवळपास जुळली. तीन जुळेनात, आणि रोहण्याचं हे घर तर चांगलं दहा इंच कमी.

सर तेव्हा माझे गाइड होते. ते म्हणाले होते, "बाराही घरांत एकच माप निघालं तर पेपर होतो. नाहीतर नुसती यादी." मला पेपर हवा होता. त्याच्यावर पुढची नोकरी होती. एका दुपारी ड्रॉइंग बोर्डपाशी बसून मी स्वतःला समजावलं, की मातीची भिंत वाकडी असते, टेपचं टोक भिंतीला नीट टेकलं नसेल. आणि तिन्ही घरं दुरुस्त केली. गावात नाही, ट्रेसिंग पेपरवर. पाच मिनिटांचं काम. पेपर छापून आला, नोकरी लागली, लोक मला 'हातवाले' म्हणू लागले. मी ते कौतुक मुकाट्यानं घेत आलो.

रविवारी जीपनं निघालो. कपाटातलं माझं जुनं फील्डबुक मी पिशवीत टाकलं होतं. जागेवर मोजताना पेन्सिलीनं आकडे लिहायची ती वही. ती का घेतली, हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

घर गंगाबाईंचं. पंचावन्नच्या आसपासची ठणठणीत बाई, शेतीचा सगळा कारभार तिच्याकडे. तिचे मालक रामाजी बाजेवर बसून दोर वळत होते. सहा फुटी माणूस.

"या ना वो साहेब," गंगाबाई मला म्हणाल्या. "मागच्या टायमाले आलते तं चहा न घेताच पळून गेलते."

तेवढ्यात सर आत शिरले आणि त्यांचं कपाळ दाराच्या चौकटीला खाडकन लागलं.

"लागलं का? आमच्या घरचेई रोज आपटतेत. इतके वर्ष झाले, दार कोठं हाय ते अजून समजलं नाई त्यायले."

"समजते वं," रामाजी दोर न सोडता म्हणाले. "पण या घरात मान वाकवल्याबिगर कोनाले येता येते?"

माधुरीनं तेवढ्यात धागा पकडला. "मावशी, दार इतकं बुटकं काऊन केलं?"

"बुटकं कोठं? माह्या हातानं चार हात हाय." गंगाबाई बसत्या झाल्या. "घर आखाच्या दिवशी हे गिरडले गेलते नवस फेडाले. मुहूर्त सकाळचा. मिस्त्री म्हने, घरमालकाचा हात पाह्यजे. म्या म्हनलं, मालक नाई तं मालकीन हाय, घे माहा हात. त्यानं सुतळीनं हात मोजला, बांबूची काठी कापली, अन् त्याच काठीनं सारं घर आखलं."

"म्या दुसऱ्या दिवशी आलो," रामाजी म्हणाले. "म्हनलं, पुन्हा आखा. मिस्त्री म्हने, हे लगनासारखं हाय, आता जमवून घ्या."

सर मोठ्यानं हसले. माधुरीनं गंगाबाईंचा हात मोजला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत बेचाळीस सेंटीमीटर. सात बेचाळीस दोनशे चौऱ्याण्णव. मग सरांनी स्वतः माजघर मोजलं. दोन मीटर चौऱ्याण्णव.

मी भिंतीला टेकून उभा होतो. मोजता मला येत होतं. हात कोणाचा, एवढं विचारायचं राहिलं होतं. त्या तीन घरांतच खरा शोध होता, आणि नेमकी तीच मी पुसली होती.  खरं सांगतो, मला हसू आलं.

पण सर सहजासहजी मानणारे नव्हते. आपल्या विद्यार्थ्याचा पेपर चुकीचा असेल हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. त्यांनी भिंतीवर बोटं वाजवली. "गंगाबाई, या भिंती दरवर्षी लिंपता ना?"

"हाव, दिवाळीच्या आंधी. माती लावतो, मंग पांढऱ्या मातीचा पोतारा देतो."

"मग जाडी वाढतेच."

"थोडी तं वाढतेच."

"बघ माधुरी," सर समाधानानं म्हणाले. "आठ वर्षांचं लिंपण. एखादी भिंत मध्ये पडून जाडही बांधली असेल, लोकांच्या लक्षात राहत नाही. खोली मुळात तीन वीसच होती. तुझ्या मापात चूक नाही, पण निष्कर्ष चुकला. हाताचं जुळणं हा योगायोग. एवढ्यावर फेलोशिप देता येणार नाही."

त्यांनी मला सुटायला दार उघडून दिलं होतं, आणि तेही बुटकं नव्हतं. मला मान हलवायची होती फक्त. माधुरी टेप गुंडाळायला लागली.  काकांच्या सिमेंट एजन्सीत बसलेली ती मला स्पष्ट दिसली.

मी पिशवीतून फील्डबुक काढलं, पान उघडलं आणि सरांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावला. "हे काय? दोन चौऱ्याण्णव?"

"तेव्हाही तेवढंच होतं. भिंत जाड झालेली नाही. तीन वीस मी ऑफिसात बसून केलं."

"का?"

"जुळत नव्हतं म्हणून."

"बाकीची अकरा घरं?"

"आणखी दोन अशीच आहेत."

सरांनी वही मिटून माझ्या हातात परत दिली. मग फक्त म्हणाले, "मी 'नुसती यादी' म्हणालो होतो, नाही का?" मी म्हणालो, चूक माझी आहे. त्यांनी वाद घातला नाही.

गंगाबाईंना आमच्यातलं काही कळलं नाही, किंवा सगळं कळलं. त्या म्हणाल्या, "काय हरवलं वो साहेबायचं? चहा तं घ्या." त्या दिवशी मी दोन कप घेतले.

सोमवारी मी समितीचा राजीनामा दिला आणि पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र पाठवलं. तीन घरं चुकीची आहेत, कशी झाली तेही लिहिलं. त्यांनी ते शेवटच्या पानावर, बारीक टाइपात छापलं. नोकरी गेली नाही. 'हातवाले' हे नाव मात्र गेलं, आणि त्याचं मला फार बरं वाटलं. काही जुन्या सहकाऱ्यांनी बोलणं कमी केलं. त्यांच्या कपाटातही फील्डबुकं असावीत, असा मला संशय आहे.

फेलोशिप माधुरीला मिळाली. पहिल्याच महिन्यात तिचा निरोप आला: बाराही घरं पुन्हा मोजायची आहेत, घरमालकांच्या हातांसकट, आणि मदतीला माणूस हवा आहे. मी लगेच हो म्हणालो.

मोजायला दोन माणसं लागतात. एकजण टेपचं शून्याचं टोक भिंतीला दाबून धरतो, दुसरा पलीकडे आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. माधुरीनं मला शून्याचं टोक दिलं. बाराही घरांत. मीही वही मागून घेतली नाही. तिच्या जागी असतो, तर मीसुद्धा हेच केलं असतं.