कडू साल आणि उपाशी उंदीर

मे महिन्यात नागपूरला कोण जातं? ज्याच्यावर साहेबांचा राग असतो तो. मुंबईच्या एका औषध कंपनीत कर्करोगावर नवी औषधं शोधणाऱ्या विभागाची मी प्रमुख. म्हणजे निम्मा जन्म उंदरांत गेलेली बाई. नागपूरच्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापक देशकरांनी रानातल्या एका झाडाच्या कडू सालीनं उंदरांच्या गाठी आटवल्या, असा मोठा बोलबाला झाला होता. खरं-खोटं करून या, असा मला हुकूम झाला. आणीबाणी उठल्यापासून रेल्वेही मूळ स्वभावावर गेली होती. सकाळची गाडी भर दुपारी पोचली.

स्टेशनाबाहेर डोक्याला दुपट्टा (उपरणं) गुंडाळलेला सायकलरिक्षावाला भेटला.

"बाई, एवढ्या उनात काहून (का) आल्या?"

"उंदीर बघायला."

"काहून, मुंबईत नाही भेटत?"

माझ्या साहेबांपेक्षा हा बरा, म्हणत मी रिक्षात बसले.

देशकरांच्या प्रयोगशाळेत वाळ्याच्या ओल्या ताट्या लावल्या होत्या, तेवढंच काय ते कौतुकाचं. गृहस्थ मात्र आनंदानं फुलले होते. "बघा मॅडम, औषधवाल्यांच्या गाठी हरभऱ्याएवढ्या, बिनऔषधवाल्यांच्या बोराएवढ्या!"

खोटं नव्हतं. पण औषधवाल्या उंदरांच्या पाठीचे मणके मोजता येत होते.

"औषध देता कसं?"

"कणकेच्या गोळीतून. सुई टोचली की जीव घाबरतो बिचाऱ्यांचा. आमच्याकडे आजाऱ्याला औषध घासातूनच देतात."

मी एक गोळी जिभेवर ठेवली. अगं आई गं! कारलं परवडलं. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तसल्याच गोळ्या वाळून पडल्या होत्या.

"वजनं केलीत यांची?"

"वजनं कशाला? गाठी मोजल्या ना!"

मी भिजवलेले हरभरे मागवून त्या पिंजऱ्यात टाकले. उंदीर एकमेकांच्या अंगावर चढून तुटून पडले. उपाशी जनावराची गाठही सावकाशच वाढते, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. गोळ्या कडू म्हणून उंदीर खात नाहीत आणि गाठी लहान राहिल्यात त्या उपासानं, असं मी तोंडावर सांगितलं.

"विदर्भातलं संशोधन म्हटलं की मुंबईवाल्यांच्या पोटात दुखतंच," देशकर म्हणाले. तरीही रीत म्हणून ते मला घरी जेवायला घेऊन गेले.

वडा-भात होता, वरून हिंगाचं कडकडीत तेल. मन लावून जेवावं असं नागपुरात हेच पहिलं सापडलं. वाढणाऱ्या शकुंतलाबाई, देशकरांच्या पत्नी, अगदी काडी झालेल्या. मी हात धुवायला गेले, तशा मागोमाग मोरीपाशी आल्या.

"तुम्ही कधी जेवणार?" मी विचारलं.

"मले कुठं जेवण जाते बाई! ह्यायचं औषध घेऊन राहिली ना. ते घेतलं की अन्नाची शिसारी येते." मग माझा हात धरून त्यांनी पदराखाली छातीवर ठेवला. "दवाखान्यात ऑपरेशन सांगितलं होतं. हे म्हणाले, काही गरज नाही. लहान झाली ना गाठ? सांगा ना."

हाताला दगड लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तशीच बाहेर येऊन ओरडले, "देशकर, औषध नाही ते! बाईंना उपाशी मारताय तुम्ही!"

"अजून महिनाभर बघू..." ते पुटपुटले.

"तुम्ही बघत बसा," शकुंतलाबाई दारातूनच म्हणाल्या. "मी चालली." आणि त्यांनी चपला घातल्या.

मीही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले, त्यात माझी गाडी चुकली. शल्यविशारदांनी तपासलं, शस्त्रक्रिया लगेच ठरवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पहिल्यांदा आल्या तेव्हाच केली असती, तर बऱ्या होतील असं खात्रीनं सांगितलं असतं." देशकर बाकावर डोकं धरून रडत होते. मला दया आली नाही.

परतीच्या गाडीत मुंबईपर्यंत मी त्या माणसाला शिव्या घातल्या. लबाड म्हणावं, तर लबाडही नव्हता मेला. लबाड असता तर बायकोनं केव्हाच ओळखला असता. यानं तिला अगदी मनापासून सांगितलं, म्हणून ती उपाशी राहिली.