वावरावरचं पाणी

घोटीत माझं दोऱ्या-सुतळीचं दुकान आहे. कासरे, दावी, वेसणी यांच्यावर माझ्या वडिलांचा संसार झाला आणि नायलॉनवर माझा. गळ मी ठेवत नव्हतो. ते ठेवायला लागलो दत्तू लहांगेमुळे. ज्या गावाने पुढे दत्तूला पाण्यातून हुसकून लावलं, त्या गावाला आजही गळ मीच विकतो. धंदा आहे, विकावं लागतं. पण त्या गावाचं मला जराही कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गाव धरणात गेलं तेव्हा दत्तू नाशकात होता. नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं असतील. अंबडला एका लहानशा कारखान्यात तो प्रेस मशीनवर उभा राहायचा. इकडे त्याची आई अक्काबाई हिने जुन्या घराची कौलं उतरवली आणि वर माळावर नव्या भिंतींवर चढवली. भाताचं वावर खालीच राहिलं. नवरा काळू आधीच गेलेला, त्याला नदीच्या वळणावरच्या मसणवट्यात जाळलेलं, तोही खालीच राहिला. वर वाट्याला आला एक मुरमाड तुकडा, नागलीसुद्धा तिथे नाराजीनेच उगवायची.

पुढे मशीनने दत्तूची दोन बोटं घेतली आणि थोड्या दिवसांनी मालकाने कारखान्याला कुलूप लावलं. दत्तू बायकोला, कुसाबाईला, घेऊन परत आला. गावातली निम्मी माणसं पाऊस सरला की द्राक्षबागांत मजुरीला जायची. त्यालाही बोलावणं आलं, तो गेला नाही. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "शेठ, परक्याच्या दारात लय उभा राह्यलो. आता जे काय व्हईल ते आईजवळ. गाव सोडायचं नाय."

माणसाने मागून मागून एवढंच मागितलं होतं. ते धरणाच्या पाण्यातून मिळेल असं त्याच्या डोक्यात आलं. जाळ्याचा ठेका बाहेरच्या लोकांकडे होता, पण गळ टाकणाऱ्याला कोणी हटकत नसे. पलीकडच्या काठाला बारकू नावाचा म्हातारा एक लांबलचक दोरी पाण्यात आडवी टाकायचा. तिला हातहातभर अंतरावर आखूड दोऱ्या लोंबायच्या आणि प्रत्येक दोरीला एक गळ. संध्याकाळी टाकायची, सकाळी काढायची. दत्तू त्याच्या मागे लागला आणि मग माझ्या मागे. मी नाशिकहून गळांचा पुडा मागवून दिला.

सुरुवात कशी झाली ते विचारू नका. आखूड दोऱ्या त्याने फार लांब ठेवल्या, त्या एकमेकींत अशा गुरफटल्या की त्याला कोयत्याने कापून काढाव्या लागल्या. पिठाच्या गोळ्या लावल्या, त्या विरघळून गेल्या, माशांना फुकटचं जेवण. एकदा गळ अंगठ्यात शिरला तो कुसाबाईने ब्लेडने काढला. ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून तो पाण्यात जायचा आणि वारा सुटला की भलत्याच काठाला लागायचा. गाव काठावर बसून हसायचं. त्यांना दुसरं काम नव्हतं.

हळूहळू त्याला जमलं. पिठाऐवजी गांडुळं आणि घोटीतल्या कोंबडीवाल्याकडची आतडी. दोरीच्या दोन्ही टोकांना धोंडे, वर खूण म्हणून रिकामं प्लास्टिकचं कॅन. सगळं जमलं, पण एक गोष्ट त्याने चुकवली, आणि ती चूक त्या गावाच्या माणसाशिवाय कोणी केली नसती. त्याने दोरी टाकली ती बरोबर स्वतःच्या बुडालेल्या वावरावर.

उन्हाळ्यात आंब्यांची जुनी खुंटं पाण्याबाहेर डोकवायची. त्यांवरून कोणाचं वावर कुठे, बांध कुठे, हे सगळ्यांना पाठ होतं. दत्तू ट्यूबवरून ती खुंटं बघत बघत आपल्या बांधाच्या आत दोरी सोडायचा. बारकूने कपाळावर हात मारला. "आरं, मासा जातो त्या वाटंवर गळ पायजे. तुझ्या सातबाऱ्यावर मासा येत नाय."

"दुसऱ्याच्या वावरात कसं घुसायचं बाबा?" दत्तू म्हणाला.

वावराची भरपाई घेऊन सगळे मोकळे झालेले, वर पाणी चढलेलं, आणि ह्याला दुसऱ्याच्या बांधाची काळजी. मला हसू आलं होतं तेव्हा. बरं, एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्याचं बघून चुलतभाऊ गेणू यानेही दोरी केली आणि ती दत्तूच्या हद्दीत सोडली, तेव्हा दत्तू काठावर सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, "हे आमचं वावर हाय. तू तुझ्या बांधाच्या आत टाक." गेणूने निमूट दोरी काढली. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. ज्याचं वावर त्याचं पाणी, असा नेम त्या दिवशी पडला, आणि तो दत्तूच्या तोंडून पडला.

दत्तूचं वावर काठाला होतं, उथळ. तिथे बोटभर मासळी लागायची, घरच्या कालवणापुरती. होळीनंतर तर पाणीच मागे सरकायचं. दोन वर्षं त्याने तिथे कशीबशी काढली. मग एक दिवस दोरी उचलून तो सरळ नदीच्या जुन्या वळणावर गेला. तिथे खोल डोह होता आणि त्याच्या काठाचा, आता पाण्याखाली गेलेला मसणवटा. तो कोणाच्याच नावावर नव्हता, म्हणजे नेमही मोडत नव्हता.

पहिल्याच सकाळी सापासारख्या लांब वामी लागल्या, हाताएवढे शिंगाडे मासे लागले. कुसाबाई पाटी घेऊन घोटीच्या बाजारात बसायला लागली. घराला नवं दार लागलं. दत्तू दुकानात आला की आता पायरीवर थांबायचा नाही, आत बसून चहा घ्यायचा.

गावाने मात्र नाकाला पदर लावला. मसणातले मासे म्हणून त्यांच्या घरचं पाणी पिणंही काहींनी सोडलं. ते एक वेळ ठीक, पण अक्काबाईने चूल वेगळी केली. त्याच घरात, त्याच कौलांखाली, दुसऱ्या कोपऱ्यात. "तुझा बाप जिथं जळला तिथं तू गळ सोडतो," ती म्हणाली. "तुझ्या हातचं मला उतरायचं नाय." ज्या आईजवळ राहायला हा आला होता, ती हाताच्या अंतरावर बसून स्वतःची भाकरी स्वतः थापायची. दत्तूला ते फार लागलं. तरी त्याने जागा सोडली नाही, कारण ती सोडली तर पुन्हा अंबड होतं.

गावाची शिसारी किती दिवस टिकावी? दत्तूचं नवं दार दिसेपर्यंत. आधी गेणू माझ्या दुकानात आला, म्हणाला मामाकडच्यांना हवेत, गळ द्या. मग त्याचा साडू. मग ज्यांनी पाणी सोडलं होतं ते. माझा गळांचा पुडा आठवड्यात संपायला लागला. वर्षभरात त्या डोहावर इतक्या दोऱ्या झाल्या की ट्यूब फिरवायला जागा उरेना. मसणातला मासा आता सगळ्यांना गोड लागू लागला.

दोऱ्यांत दोऱ्या अडकून भांडणं झाली, तेव्हा मारुतीच्या पारावर बैठक बसली. मी उधारी वसुलीला गेलो होतो, ऐकत उभा राहिलो. गेणू उठला. "वावर ज्याचं त्याचं, हा नेम दत्तूनंच घातला. मसणवटा गावाचा. यानं दोन वर्सं एकट्यानं गावाचं खाल्लं. आता बाकीच्यांची पाळी."

"मंग मी कुठं टाकू?" दत्तूने विचारलं.

"तुझ्या वावरावर. तिथं कोणी आलं तर आम्ही हाकलू."

एकजण मागून म्हणाला की काळूची चिता जिथे जळली तेवढी जागा तरी द्या त्याला. लोक हसले. न्याय म्हणजे काय, हे त्या दिवशी मला त्या गावाने शिकवलं. दत्तूने तरी चार दिवस डोहात दोरी टाकली. रोज सकाळी ती कापलेली मिळायची. मी त्याला म्हणालो, पोलिसात जा. तो म्हणाला, "कापणारी माझीच माणसं हायेत शेठ, नाव कोणाचं सांगू?"

दोन हजार तीनच्या पावसाळ्याआधी तो कुसाबाईसह पुन्हा अंबडला गेला. ज्या वस्तीत आधी कामगार म्हणून राहिला, तिथल्याच एका गोडाऊनवर वॉचमन. अक्काबाई मागे राहिली. त्याने पाठवलेलं धान्य मात्र ती शिजवून खायची, ते नाशिकचं होतं.

तीन वर्षांनी ती गेली. शेवटच्या आजारात दत्तू रजा काढून तिच्या उशाशी होता. ती त्याला म्हणाली, "माझ्या अस्थी रामकुंडात नको. ह्यांच्यापाशी सोड. त्या दिशी तेवढ्या दोऱ्या काढाया लाव सगळ्यांना." आणि त्याच्या हातचं गरम पाणी प्याली. दत्तूने वरच्या नव्या स्मशानात सगळ्यांसमोर हात जोडून विनंती केली. गेणूसकट सगळे म्हणाले, त्यात काय सांगायचं, काढू की.

तिसऱ्या दिवशी मीही गेलो होतो. चैत्र होता, पाणी पार खाली गेलेलं. दत्तू गाडगं मांडीवर घेऊन ट्यूबवर बसला आणि वळणाकडे निघाला. डोहावर नेहमीसारखी कॅनं तरंगत होती, एकही कमी नव्हतं. उद्या घोटीचा बाजार होता.

गेणूने काठावरून हाक मारली. आवाजात राग नव्हता, समजुतीनेच बोलला. "दत्तू, तिथं नको रं. रातच्यालाच आमिष लावलंय, दोऱ्या गुतत्याल. तुझ्या वावरात सोड ना, ते तुमचंच हाय."

दत्तू थांबला. काठावरच्या एकाही माणसाने गेणूला गप्प केलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं, पण दत्तूने ट्यूब वळवलीसुद्धा होती. त्याच्या वावरावर घोटाभर पाणी होतं. तो उतरला, गाडगं उपडं केलं, तर अस्थी बुडेनात, राख पाण्यावर तशीच पसरून राहिली. मग तो भाताची आवणी करतात तसा वाकला आणि एकेक हाड वेचून चिखलात दाबायला लागला.

तेवढ्यात गेणूने आपली दोरी ओढायला घेतली. तिला एक मोठी वाम लागली होती. अस्थींना आलेली माणसं ती केवढी आहे ते बघायला तिकडे गेली.