अनारशाच्या डब्यातला कॅमेरा

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या थोरल्या बहिणीचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करून तिनं माझी पुस्तकं पुरवली, पोलीस भरतीच्या धावण्यासाठी बूटही तिनेच घेऊन दिले. आता तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मी तिला पत्र लिहितो. नोकरीतल्या प्रकरणांबद्दल सहसा लिहीत नसे. एकदाच लिहिलं, आणि ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. रायपूरच्या ज्या ठाण्याचा मी प्रमुख होतो तिथे जगदलपूरचा एक तरुण मोठी पिशवी घेऊन आला. लग्नाचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. ऑनलाइन जाहिरात पाहून त्यानं चौबे कॉलनीतल्या एका मुलाकडून वापरलेला, पण महागडा कॅमेरा मागवला होता. पार्सल उघडलं तर लेन्स तिरकी झालेली आणि आत काच खुळखुळत होती.

"सर, टूटा हुआ माल चिपका दिया. परसों मेरी बुकिंग है. आप एफआयआर लिखिए," तो म्हणाला.

विकणाऱ्याचं नाव वाचून मी थांबलो. त्याच मुलाचा चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर होता. सरगुजाकडच्या एका सरकारी शाळेत त्याची शिक्षक म्हणून निवड झाली होती. कॉलेजात असताना तो लग्नांचे फोटो काढून शिक्षणाचा खर्च भागवत असे. आता गरज नाही म्हणून कॅमेरा विकला. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला असता, तर मला कागदावर तसा शेरा मारावा लागला असता आणि त्याची नेमणूक अडकली असती. तोही त्याच्या घरातला पहिला पदवीधर होता. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली, पण आपुलकीवर तपास चालत नाही. मी प्राथमिक चौकशी सुरू केली.

संध्याकाळीच खबर आली. समता कॉलनीतला एक कॅमेरा दुरुस्त करणारा आमच्या हवालदाराच्या ओळखीचा होता. विकण्याच्या आधी हाच कॅमेरा घेऊन तो मुलगा आपल्या दुकानात आला होता, असं त्यानं सांगितलं.

"साहब, केस खुल गया," हवालदार खूश होऊन म्हणाला.

"कशासाठी आणला होता?" मी विचारलं.

हवालदाराचं तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला बोलावलं. पार्सलमधून निघालेल्या वस्तू मी बाजूच्या खोलीत ठेवून दिल्या. चौकशीत वस्तू आधी दाखवू नये. माणूस ती पाहून उत्तर जुळवतो.

"कॅमेरा कोणी पॅक केला?"

आडनाव मराठी होतं म्हणून मी मराठीत विचारत होतो, तो हिंदीत उत्तर देत होता. "मैंने ही किया, सर."

"आत काय भरलं?"

"बबल रैप. थर्माकोल भी."

जगदलपूरचा तरुण बाकावरून उठलाच. "कौन सा बबल रैप, भैया? नैपकिन था, वो भी फूल वाला! और स्टील का डिब्बा!"

मुलाचा चेहरा उतरला. मी डबा, नॅपकिन आणि वरचं शिवलेलं पांढरं कापड टेबलावर आणून ठेवलं. पुन्हा विचारलं, तरी तो "मैंने ही किया" याच्यापुढे जाईना. खोटं उघड दिसत होतं. मात्र खोटं बोलणाऱ्या प्रत्येकानं गुन्हा केलेला असतोच असं नाही, हे इतक्या वर्षांत मी पाहिलं होतं. काहीजण स्वतःला वाचवायला खोटं बोलतात, काही दुसऱ्या कुणाला. हा कुणाला वाचवतोय, ते मला समजत नव्हतं.

दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात टिफिन होता.

"माहा पोट्टा इथं आहे म्हणते. सकाळपासून उपाशी आहे, साहेब."

मुलगा एकदम उभा राहिला. इतका वेळ हिंदीत बोलणारा तो मराठीवर आला. "आई, तू काहून आली? घरी जा!"

पण तिचं लक्ष टेबलाकडे गेलं होतं. "अन् माहा डबा इथं कसा? पोट्ट्याले सांगणारच होती मी, की ज्याले कॅमेरा धाडला त्याले डबा परत माग!"

"काकी, डिब्बा तो जप्त समझो," हवालदार म्हणाला.

"जप्त काहून? डब्यानं काय केलं?"

तक्रारदारालाही हसू आलं. मी तिला खुर्ची दिली. "वहिनी, पार्सल तुम्ही बांधलं?"

"हव. मीच बांधलं. हा तर बिलासपूरले कागद दाखवाले गेलता."

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, मम्मी को थाने न आना पड़े, इसलिए बोला. कॉलोनी में लोग बातें करते हैं."

मी तिला, जसं बांधलं होतं तसं करून दाखवायला सांगितलं. ती ऑर्डरवर फराळ करून विकणारी बाई. तिनं कॅमेरा लेन्ससकट उचलला, लेन्सचं तोंड खाली करून डब्यात बसवला आणि चारी बाजूंनी नॅपकिन ठासले.

"नागपूरले अनारसे, चकल्या असेच धाडते मी. एक चकली तुटत नाही."

"आणि खाली काय ठेवलं?"

"खाली काहून ठेवाचं? खाली तर स्टील आहे. पुठ्ठ्याचा भरोसा नाही. कोणीबी ब्लेड मारून काढून घेईल."

मी कॅमेरा बाहेर काढून डबा उजेडात धरला. आत बुडाला चंद्रकोरीसारखा ओरखडा होता. बाहेरून नेमक्या त्याच जागी पोचा आला होता. लेन्सची कड ओरखड्यावर ठेवली, ती बरोबर बसली. चकली हलकी असते. इथे सगळं वजन लेन्सवर उभं होतं आणि खाली कापडाचा एक थरही नव्हता. वाटेत डबा कुठे तरी आपटला, तो धक्का थेट काचेला बसला.

मग समता कॉलनीच्या दुकानदाराला बोलावून रीतसर जबाब घेतला. मुलानं कॅमेरा फक्त साफ करायला आणला होता, मार समोरून आणि नुकताच बसलेला आहे, असं त्यानं सांगितलं. विकण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलानं काढलेला कॅमेऱ्याचा व्हिडिओही फोनमध्ये होता. त्यात लेन्स सरळ होती. फसवण्याचा हेतू कुठेच नव्हता.

आम्ही पोलीस मुद्देमाल कापडात शिवून लाखेचं सील लावतो. तो कुणी उघडू नये एवढीच आमची काळजी असते, आपटला तर काय होईल हा विचार त्यात नसतो. त्या बाईनंही चोर डोळ्यांपुढे ठेवून पार्सल बांधलं होतं. असली वस्तू पाठवताना लेन्स वेगळी काढावी. प्रत्येक भाग सगळ्या बाजूंनी, खालूनसुद्धा, मऊ जाड थरात गुंडाळून पेटीत ठेवावा. ती पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत ठेवून मधली जागा भरावी. आत काही हलू नये आणि बाहेरचा धक्का आत पोहोचू नये, या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात. आणि बांधतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा.

त्या आठवड्यात ताईला लिहिलेलं पत्र असं होतं:

"ती. ताईस साष्टांग नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे. परवा एका पोट्ट्याचं प्रकरण मिटवलं. त्याच्या आईनं कॅमेरा अनारशाच्या डब्यात घालून धाडला, तो फुटला, आणि आईला ठाण्यात यावं लागू नये म्हणून हा खोटं बोलला. घेणाऱ्यानं तक्रार मागे घेतली. पोट्टा दोस्ताचा कॅमेरा मागून त्या फोटोग्राफरसोबत जगदलपूरला गेला, दोघांनी मिळून लग्नाचे फोटो काढले. दुरुस्ती पोट्टा करून देणार आहे. बाई डबा घेऊन घरी गेली. जाताना 'पोचा कोण काढून देईल?' म्हणून हवालदाराशी भांडली.

माझ्या भरतीच्या वेळी आपल्या घरी चौकशीला हवालदार आला होता, आठवते? त्याला चहा देऊन तो जाईपर्यंत तू दाराआडून ऐकत उभी होतीस. तो काय लिहून गेला, ते तू मला कधी विचारलं नाहीस. 'कोणताही आक्षेप नाही' एवढंच असतं ते. काल त्या पोट्ट्याच्या कागदावर मी तेच लिहिलं आणि सही केली. त्याची आई बाहेर बाकावर बसून होती. तिला वाचून दाखवलं.

तुझा धाकटा"