हातावरचं दही

आमच्या हिला बेसबॉलमधलं शेवटपर्यंत काही कळलं नाही. पण मैदानावरचा कुठला पोरगा आज जेवलेला नाही, हे तिला पार वरच्या रांगेत बसून कळायचं. "तो कडेचा बघा. पाय ओढतोय. सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या." मी विचारायचो, तुला काय माहीत? "तुम्ही डेपोतून उपाशी आलात की असेच चालायचात."

टाळ्या ती दोन्ही बाजूंना वाजवायची. पुढचे लोक वळून बघायचे. मुलगा म्हणायचा, "आई, ती समोरची टीम आहे, आपली नाही." ती म्हणायची, "कुणाची तरी लेकरं असतीलच की."

मी सातवी शिकलेला माणूस. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला, मग मुलाने इकडे अमेरिकेत आणलं. लिहायची सवय नाही. तिला जाऊन वर्ष होत आलं. इथल्या मराठी मंडळातले नवे लोक विचारतात, टीमच्या काकू म्हणजे कोण हो? म्हणून लिहितो. काकू म्हणजे हीच. मुलाचे मित्र काकू म्हणायचे, ते ऐकून खेळणारी पोरंही म्हणायला लागली.

मॉरिसव्हिल सोडून पुढे गेलं की जुन्या तंबाखूच्या गोदामांचं एक गाव लागतं. टीम त्या गावची. म्हणजे मोठ्या टीमच्या हाताखालची लहान टीम. पोरं इथे तयार होतात. चांगला निघाला की वरून फोन येतो, त्याच दिवशी बॅग भरायची आणि वरच्या टीमकडे जायचं. नाही निघाला तर घरी. ही टीम मधे बंदही पडली होती म्हणतात, नाव बदलून परत उभी राहिली. मैदान मात्र तेच. आत शिरताना एका भिंतीवर फोटो लावलेत, जे अगदी वरपर्यंत पोचले त्यांचे. एवढी जुनी टीम, आणि फोटोंची एकच रांग. ही पहिल्या दिवशी त्या भिंतीपुढे उभी राहिली आणि मला म्हणाली, "आणि बाकीचे कुठे गेले?" मी म्हटलं, चल, जागा जाईल.

त्या वेळी तिथे एक रीत होती. पोरांना पगार बेताचा, म्हणून आसपासची घरं एकेकाला हंगामभर ठेवून घ्यायची. मुलगा तयार नव्हता. "आई, अनोळखी माणूस, एवढे महिने? प्रायव्हसी नको का?" ही म्हणाली, "तू पुण्यात शिकायला होतास तेव्हा शेजारच्या बाई तुला ताक आणून द्यायच्या. तू त्यांचा कोण लागत होतास?" विषय संपला. वरची खोली रिकामी झाली आणि लुइस आला. डोमिनिकन पोरगा, बॉल फेकणारा, हात माझ्या मांडीएवढे. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं आणि हिला तर अजिबात नाही. ही मराठीत बोलायची, तो स्पॅनिशमध्ये. वरणभात दोघांनाही कळत होता. त्याने मीठ मागितलं की ही म्हणायची, "आधी चव तरी घे, शहाण्या." तो चव घ्यायचा.

जून महिन्यात त्याला वरून फोन आला. बॅग भरून पोरगा दारात उभा. ही म्हणाली, "थांब." फ्रिजमधून दही काढलं, साखर घातली आणि चमचाभर त्याच्या उजव्या हातावर ठेवलं. बॉल फेकायचा हात. तो बघतच राहिला. मी खूण करून सांगितलं, खा. त्याने चाटून खाल्लं आणि वाकून तिला मिठी मारली.

महिन्याभराने तो परत आला. वरच्यांनी खाली पाठवला. जेवताना मुलगा हसत म्हणाला, "आई, हे तुझ्यामुळे झालं. माणूस परत यावा म्हणून आपण दही देतो, आणि इथे परत येणं म्हणजे नापास." तो चेष्टा करत होता. हिने ताट सरकवलं. मी म्हटलं, "अगं, दह्याने काय बॉल वाकडा जातो?" म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. त्याची आई तिकडे देवापुढे बसली असेल, आणि मी इकडून ओढते आहे."

हंगाम संपता संपता त्याला पुन्हा फोन आला. या खेपेला त्याने दारात स्वतःच हात पुढे केला. हिचा हात फ्रिजपर्यंत गेला आणि थांबला. मग तिने येऊन त्याची बोटं मिटली, मूठ दोन्ही हातांत धरली. "जा," म्हणाली, "आता येऊ नकोस." त्याला काही कळलं नाही. पोरगा रडवेला होऊन गाडीत बसला. आमच्या रियाने, म्हणजे शाळेत स्पॅनिश शिकणाऱ्या नातीने, मागाहून त्याला फोनवर समजावलं.

तो आला नाही. पुढे टीव्हीवर दिसायला लागला. ही चष्मा लावून बघायची. जिंकला का हरला ते विचारायची नाही. "गाल बसलेत," एवढंच म्हणायची.

मागच्या वर्षी हिला हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. मुलगा गाडी काढत होता. मी जन्मात कधी फ्रिजमधला डबा उघडला नव्हता, त्या दिवशी उघडला. हिच्या हातावर दही ठेवलं. हिने खाल्लं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "साखर विसरलात."

ती आली नाही. दह्याला काही कळत नाही, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. तरी तिचं विरजण मी मोडू दिलेलं नाही. जेवणं झाली की दूध कोमट करतो, करंगळी बुडवून बघतो, विरजण लावतो. सून म्हणते, "बाबा, दुकानात मिळतं." मिळू दे.

या फेब्रुवारीत लुइस आला. दंडाचं ऑपरेशन झालंय. फ्लोरिडाला सरावाला निघाला होता, तिथे ठेवतील की सोडतील त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. हिच्या फोटोपुढे टोपी काढून उभा राहिला. मग वरणभात जेवला. मीठ मागितलं नाही.

निघताना दारात त्याने उजवा हात पुढे केला. मी मान हलवली. रियाला म्हटलं, "सांग त्याला. याने माणूस परत येतो. काकूने म्हणूनच दुसऱ्यांदा दिलं नव्हतं. वर राहायचं असेल तर नको म्हणावं."

ती त्याच्याशी बोलली. तो तिला काहीतरी म्हणाला, हात तसाच ठेवून.

"आजोबा, तो म्हणतो, कम बॅक, बट नॉट टू द टीम. टू धिस हाउस."

एवढं इंग्रजी मला कळतं. मी आत जाऊन दही घेऊन आलो. साखर घातली होती.