वयनीच्या मापाचे कपडे

आमच्या वयनीला स्वतःचं नवं ब्लाउज कसं बसलंय हे बघायचं असलं, की ती ते मला घालायला लावायची. शेलूबाजारच्या आमच्या घरात आरसा होता, पण तो दादाच्या दाढीपुरता, खिळ्याला टांगलेला. त्यात एका वेळी एकच गाल दिसायचा. म्हणून वयनी ब्लाउज आणून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "घाल बरं बाई हे." मग दोन पावलं मागं सरून, कमरेवर हात ठेवून ती मला न्याहाळायची. "फिर." मी फिरायची. "हात वर कर." मी करायची. मग माझ्या गळ्याकडे बघत ती तोंड वाकडं करायची. "गया लय मोठा झाला व माह्यावाला." आपण कसे दिसतो हे तिला माझ्यावरून कळायचं आणि तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

वयनी इंझोरीची. दादाशी लग्न होऊन आली तेव्हा मी बारावीला होते, म्हणजे माझी वाढायची सगळी आशा संपली होती. दोघी पाच फुटाला दोन बोटं कमी. खांदे सारखेच उतरते, हात सारखेच आखूड. पाठमोऱ्या आम्ही आईला ओळखू यायचो नाही. त्यामुळे वयनीच्या वाट्याच्या शिव्या मी पुष्कळ खाल्ल्या आणि माझं कौतुक कधीमधी तिच्या पदरात पडलं. वयनी म्हणायची, "देवानं एकाच साच्यातून दोन इटा पाडल्या बापा. एक थोडी जास्त भाजली." जास्त भाजलेली ती. आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. तिचा दिवस वाफ्यात उगवायचा आणि वाफ्यातच मावळायचा. मी सावलीत बसून अभ्यास करायची, निदान पुस्तक तरी मांडीवर असायचं.

शिवण्याच्या बाबतीत तिचा एक हट्ट होता. जगातल्या सगळ्या बायका शिंप्याकडे जुनं ब्लाउज देतात, या मापाचं शिव म्हणतात आणि मोकळ्या होतात. वयनी नाही. "फडक्याचं माप घेतलं त फडक्याले बसते," ती म्हणायची. "आंगाचं माप आंगावरूनच घ्या लागते." ब्लाउज कितीही शिवलेली असोत, नवं टाकायचं म्हटलं की ती बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी उतरवून बाजारातल्या टेलरमामांपुढे हात पसरून उभी राहायची. दुकानाबाहेर कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती. आणि ती उभी राहिली की माझंही काम होऊन जायचं. एकाच मापावर दोघींचे कपडे शिवले जायचे. मला आठवतं तसं, लग्नाच्या शालूवरचं माझं ब्लाउजसुद्धा वयनीच्या अंगावरचं माप घेऊन शिवलेलं. ते माझ्या अंगावर इतकं नेमकं बसलं की सासरच्या बायकांनी शिंप्याचं नाव विचारलं. मी शिंप्याचं सांगितलं. वयनीचं कोणी विचारलं नाही.

पुढं नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही हॉलंडला गेलो. तिथली माणसं इतकी उंच, की बसस्टॉपवर माझी ओळख आधी त्यांच्या कोपरांशी झाली. नेलेले कपडे विटले आणि दुकानात जायची वेळ आली. शर्ट घातला की खांदे दंडावर उतरायचे आणि बाह्यांतून बोटं शोधावी लागायची. पँट माझ्यामागून फरशी पुसत यायची. एका दुकानातल्या मुलीनं माझ्याकडे जरा विचार करून पाहिलं आणि मोठ्या मायेनं मला वरच्या मजल्यावर, मुलांच्या विभागात नेऊन सोडलं. तिथल्या कपड्यांवर मापाऐवजी वय लिहिलेलं असतं. मला तेरा वर्षांचं व्हायचं. म्हणजे लांबीला, घेर काही तेरा वर्षांचा नव्हता. माझा थंडीचा पहिला कोट मुलांचा होता आणि त्याच्या छातीवर चमचमता डायनॉसोर होता. मी तो पुष्कळ हिवाळे वापरला. थंडी वाजायला लागली की माणूस डायनॉसोरशीही जमवून घेतो.

पण तिथल्या ट्रायल रूमशी माझं कधी जमलं नाही. तीन बाजूंना आरसे आणि मध्ये मी. समोरून मी, डावीकडून मी, उजवीकडून मी, आणि बाहेर कोणी नाही. मागची सुरकुती ओढून सरळ करणारं कोणी नाही, फिर म्हणणारं कोणी नाही. स्वतःला एवढ्या संख्येनं बघूनही इतकं एकटं वाटू शकतं, हे मला तिथंच कळलं. एकदा मी तिथूनच फोटो काढून वयनीला पाठवला. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, मागं पाण्याची मोटर चालू होती. "बाई, पोत्यात ज्वारी भरल्यावानी दिसून राह्यली तू. काढ ते. मी हाय ना इथं."

आणि ती खरंच होती. दर दिवाळीच्या आधी पार्सल यायचं. दोन-तीन कुर्ते, सलवारी, मापाला तंतोतंत. घड्यांच्या मध्ये कुरड्या भरलेल्या असायच्या, म्हणून कपड्यांना गव्हाच्या चिकाचा वास यायचा आणि कुरड्यांचा चुरा व्हायचा. कुर्ता घातला की मला वाटायचं, या अख्ख्या देशात एक गोष्ट तरी माझ्यासाठी केलेली आहे. मग व्हिडिओ कॉल. वयनीला फोन धरता यायचा नाही. मला तिचा एक कान, पत्र्याचं छप्पर आणि वांग्याची रांग दिसायची. "बसला का?" कान विचारायचा. "बसला." "मंग झालं त."

मग एका वर्षी कुर्ता जरा घट्ट आला. मी स्वतःला दोष दिला. इकडचं चीज, इकडचा पाव, आणि सायकल नुसती पार्किंगमध्ये उभी. वयनीला सांगितलं, "वयनी, मी जाड होऊन राहिले बहुतेक." ती म्हणाली, "असंन बाई. तिकडचं लोणी लागलं तुले. बाजूनं उसव थोडं, आत कापड हाय." मी उसवलं, बसला. पुढच्या वर्षीचा आणखी घट्ट. मी भात सोडला, बटाटा सोडला. चीज सोडलं नाही, पण त्याच्याकडे रागानं बघायला लागले. कालव्याच्या कडेनं रोज भराभर चालू लागले. उंच म्हातारे मला हसून ओलांडून पुढं जायचे. वजनकाट्यावर वजन उतरत होतं आणि कुर्ते चढत नव्हते. दोघांतलं कोण खोटं बोलतंय, असा प्रश्न पडला तेव्हा मी एक क्षणही अडखळले नाही. वयनीच्या मापावर संशय कसा घ्यायचा? मी नवा वजनकाटा आणला.

एव्हाना फोनवर वयनीचा कानही दिसेनासा झाला होता. ती फोन वांग्यांकडे वळवून धरायची. "पाह्य बाई, कशी लागली यंदा." मी वांगी बघायची. छान असायची.

त्यानंतरच्या पार्सलमधला कुर्ता दंडाच्या वर गेलाच नाही. एक हात बाहीत अडकलेला, दुसरा मोकळा, अशी मी पलंगावर बसले. ना घालता येईना, ना काढता येईना. नवरा ऑफिसात, लेक हॉस्टेलला. आधी मला हसू आलं. मग माझं लक्ष त्या बाहीकडे गेलं. ही बाही कोणाच्या तरी दंडावर माप घेऊन शिवली होती. त्या दंडानं वाफ्याचे वाफे खुरपले होते. तो दंड आता एवढासा होता.

मी वयनीला नाही, दादाला फोन लावला. दादा मुळात बोलत नाही, विचारलं तर हो-नाही करतो. मी म्हटलं, "दादा, वयनी कशी आहे?" तो म्हणाला, "आहे." मी फोन ठेवला नाही. मग तो म्हणाला, "अकोल्याले दाखवलं. मंग नागपूरले नेलं. पोटात गाठ हाय म्हणते डॉक्टर. बाईले सांगजा नका म्हणे. थे तिकडं एकटी हाय, जीवाले लावून घेईन म्हणे."

मी गेले. जीप हायवेला सोडून घराकडे चालत आले तर वयनी ओट्यावर बसलेली होती. साडीत कोणीतरी साडी गुंडाळून ठेवावी तशी. मी ठरवलं होतं रडायचं नाही, पण रडायला उंची लागत नाही. तिनं मला रडू दिलं आणि मग म्हणाली, "बरं झालं. आता बुढीले दोघी पाठमोऱ्या वळखू येतीन." आई जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं दादाला रिक्षा आणायला लावली आणि मला टेलरमामांच्या दुकानात नेलं. आधी कापड घेतलं. निवडून तिनंच दिलं, एक हिरवं आणि एक वांगी रंगाचं. दुकानात ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मामा, आज इचं घ्या. मी आता मापाच्या कामाची नाही राह्यली." मामा टेप गळ्यात घालून नुसतेच उभे. म्हणाले, "वयनी, मी त तुमाले म्हणत होतो, जुन्या मापावर शिवतो म्हणून. तुमी ऐकलं नाही. दरखेपी म्हणायच्या, आंगावर घ्या, अन् आत कापड जास्तीचं सोडा."

मी तिच्याकडे वळले. "वयनी, काहून? मामा म्हणत होते तर जुन्या मापाचं शिवायचं ना."

"तुले पाहून किती वर्सं झाली बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "फोनमंदी त मुंडकंच दिसते तुह्यं. तू किती राह्यली, बारीक झाली का मोठी झाली, मले काय मालूम? मले माह्यंच मालूम. थे दिलं. अन् अंदाज म्हणून कापड सोडलं आत. तुले पुरलं पायजे."

मामांनी माझं माप घेतलं. पन्नाशीला टेकलेल्या बाईचं, आयुष्यातलं पहिलं. मी इतकी अवघडून उभी राहिले की मामांना म्हणावं लागलं, "ताई, श्वास सोडा." कमरेचा आकडा ऐकून वयनी स्टुलावर बसल्या बसल्या हसली, हसता हसता तिला खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा हसली. "एक इट फुगली व माय." मामांच्या अंगावर दिवाळीची शिलाई होती, ते म्हणाले दिवाळीनंतर देतो. मला तोवर थांबता येण्यासारखं नव्हतं. निघताना वयनी ओट्यापर्यंत आली. माझ्या पाठीवरची कुर्त्याची सुरकुती तिनं दोन बोटांनी ओढून सरळ केली. "जाय. जीप उभी हाय."

पौषात ती गेली. मी तिकिटाच्या मागे लागले तेव्हा दादा म्हणाला, "आता कायले येतं बाई. जिले भेटाचं होतं तिले भेटली तू." ते खरंही होतं आणि त्याचा उपयोगही नव्हता.

कुर्ते आले ते तेरवी होऊन गेल्यावर. पार्सल दादानं बांधलं होतं, ते बघताक्षणी कळलं. वर्तमानपत्र, सुतळी आणि गाठीवर गाठ. आत नुसते कपडे, दुसरं काही नाही. मी वांगी रंगाचा घातला. खांदे खांद्यावर, बाह्या मनगटाशी, लांबी गुडघ्याशी. कुठं उसवायला नको, कुठं दुमडायला नको. बाहेर पाचच वाजता अंधारून आलं होतं. घरात दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून मी दिवा न लावता तशीच खिडकीशी उभी राहिले.

तेवढ्यात दादाचाच फोन आला. स्वतःहून फोन करायची त्याला सवय नाही. "पार्सल भेटलं का?" भेटलं, म्हटलं. "बसले का?" बसले, म्हटलं. एवढ्यात आमचं बोलणं संपतं, एरवी. पण त्यानं फोन ठेवला नाही. मोटर चालू होती. तो घसा खाकरत होता, जसा तो लग्नात मला वाटी लावताना, म्हणजे सासरी धाडताना, खाकरत होता.

"बाई," तो म्हणाला, "थे सांगून गेली होती. पार्सल पोचलं का विचारजा म्हणे." पुन्हा खाकरला. "काखेत ओढते का म्हणून."

मी हात वर करून पाहिला.

"नाही ओढत, दादा," मी म्हटलं.